बाबांचं जाड तेल, माझं पातळ तेल

गेल्या जुलैतल्या एका शनिवारी सकाळी सातला बाबांचा फोन आला. एरवी त्यांचा फोन रात्री जेवणं झाल्यावर येतो, म्हणजे काहीतरी बिघडलेलं असणार.

“गाडीत पिवळा दिवा लागलाय. इंजिनचं चित्र आहे. आईला डोळ्याच्या डॉक्टरांकडं न्यायचंय दांडेलीला. जाऊ की नको?”

मागे पावसाचा आवाज एवढा, की निम्मं बोलणं त्यातच वाहून गेलं. मी विचारलं, “पिवळाच आहे ना? लाल, तेलाच्या कुपीसारखं चित्र नाही ना?” तेवढ्यात रेंज गेली. पुढची पंधरा मिनिटं मी मोबाइल हातात धरून घरभर फिरत होतो.

आमचं घर गणेशगुडीला. जोयडा तालुका, उत्तर कन्नड जिल्हा. आजकाल लोक हे गाव काळी नदीतल्या राफ्टिंगमुळं ओळखतात. आमच्या लहानपणी ते फक्त सूपा धरणाचं गाव होतं. धरण १०१ मीटर उंच, १९८७ साली पूर्ण झालं. त्याच्या पाण्याखाली जुनं सूपा गाव गेलं, तालुक्याचं ठिकाण जोयड्याला आलं आणि धरणाच्या पायथ्याशी ५० मेगावॉटचे दोन संच फिरू लागले. बाबा तिथं फिटर होते. निवृत्तीनंतर शहरात यायला त्यांनी साफ नकार दिला आणि तिथंच छोटं घर बांधलं. त्यांच्या सोयीसाठी मी एक लहान पेट्रोल गाडी घेऊन दिली. बाजार, देऊळ, बँक असं दोन-तीन किलोमीटरचं फिरणं आणि महिन्यातून एखाद वेळी दांडेली, म्हणजे जंगलातून २०-२५ किलोमीटर.

शेवटी फोन लागला. दिवा पिवळाच होता. आईला शेजाऱ्यांच्या जीपमधून पाठवलं होतं आणि गाडी अंगणात उभी होती. मी रात्रीची दांडेलीची बस पकडली.

दिव्यांचं आधी सांगून टाकतो, कारण हे आपल्या घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला ठाऊक हवं. इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा नुसताच लागून राहिला असेल आणि गाडी नेहमीसारखी चालत असेल, तर सावकाश जवळच्या वर्कशॉपपर्यंत जाता येतं. तोच दिवा उघडझाप करत असेल तर मात्र थांबलेलं बरं. तेलाच्या कुपीचा लाल दिवा म्हणजे तेलाचा दाब गेला. तिथं “पुढच्या वळणापर्यंत जाऊ” चालत नाही. बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं. बिनतेलाचं इंजिन निकामी व्हायला फार वेळ लागत नाही, आणि इंजिन बदलायचा खर्च बहुतेक वेळा जुन्या गाडीच्या किमतीच्या जवळपास जातो.

रविवारी सकाळी मी बॉनेट उघडलं. तेलाचं झाकण काढलं आणि पोटात गोळा आला. झाकणाच्या आतून पिवळसर पांढरा फेस जमला होता, ताकावर लोणी यावं तसा. इंटरनेटवर वाचून अर्धा मेकॅनिक झालेल्या माणसाच्या डोक्यात अशा वेळी एकच गोष्ट येते, ती म्हणजे हेड गॅस्केट गेलं आणि कूलंट तेलात मिसळलं. मी कूलंटची टाकी पाहिली. पातळी जिथल्या तिथं. डिपस्टिक ओढली, तर तिच्यावरचं तेल स्वच्छ, मधासारखं आणि जाड. फारच जाड. नव्या गाडीचं तेल काठीवरून जसं ओघळतं तसं ते ओघळतच नव्हतं.

बाबा छत्री धरून शेजारी उभे होते. म्हणाले, “मे महिन्यात बदललंय. चांगलं घातलंय.”

सोमवारी गाडी हळूहळू वर्कशॉपला नेली. तिथल्या मुलानं स्कॅनर लावला, पी००११ असा कोड वाचला आणि दुसरं काही बघायच्या आत विचारलं, “अंकल, तेल कुठलं घातलंय?”

२०डब्ल्यू-५०. गाडीच्या पुस्तिकेत होतं ०डब्ल्यू-२०.

झालं होतं असं. मे महिन्यात बाबा रस्त्यालगतच्या एका गॅरेजात गेले. तिथल्या माणसानं सांगितलं, “काका, इकडं घाट आहे, चढ आहे, पाण्यासारखं तेल टिकतंय होय? जाड घाला, इंजिन राहील.” तो काही फसवत नव्हता. बाबांनाही ते शंभर टक्के पटलं, कारण त्यांचं आयुष्य त्याच नियमावर गेलेलं. जाड तेल, मजबूत इंजिन. प्रकल्पावरच्या जीप, अँबॅसिडर, ट्रक, सगळ्यांना २०डब्ल्यू-४० किंवा त्याहून जाड. त्याच्याही आधी आजोबांच्या बैलगाडीला वंगण. आसाला ते जितकं चिकटून राहील तितकं चांगलं. बाबांच्या लेखी ०डब्ल्यू-२० म्हणजे दुधात पाणी घालून विकण्याचा प्रकार.

आता मी बीई झालेला, रोज कोड तपासणारा माणूस. मी बाबांना व्याख्यान द्यायला सुरुवात केली. पण तेलाच्या बाबतीत बाबांना शिकवणं सोपं नव्हतं. जलविद्युत केंद्रातल्या यंत्राचा कित्येक टन वजनाचा फिरता भाग ज्या थ्रस्ट बेअरिंगवर उभा असतो, तिथं लोखंड लोखंडाला टेकतच नाही. मध्ये तेलाचा पडदा असतो आणि सगळा भार त्या पडद्यावर तरंगतो. बाबांनी हे पुस्तकात नाही, हातांनी शिकलेलं. ते म्हणाले, “पडदा जाड तर भार जास्त पेलणार. यात चूक काय?”

प्रश्न बरोबर होता, त्यामुळं उत्तरही नीट द्यावं लागलं.

तेलाचा पडदा तयार व्हायला दोन गोष्टी लागतात. तेल पुरेसं जाड हवं आणि ते वेळेवर तिथं पोचायला हवं. धरणावरचं यंत्र एकदा सुरू झालं की तासन्‌तास एकाच वेगानं, जवळपास एकाच तापमानाला फिरतं. गाडीचं इंजिन दिवसातून चार वेळा थंडगार अवस्थेतून सुरू होतं, पाच मिनिटं चालतं, बंद होतं. रात्रभरात तेल खाली तळाच्या भांड्यात उतरून बसलेलं असतं. चावी फिरवल्यावर पंपानं ते उचलून वरच्या कॅमशाफ्टपर्यंत न्यायचं. या पहिल्या काही क्षणांत जाड तेल रेंगाळतं. बाबांची गाडी पहाटे सुरू करताना दोन सेकंद खडखड करायची. बाबा म्हणायचे, पावसानं होतंय.

शिवाय आजच्या इंजिनात तेल फक्त वंगण राहिलेलं नाही. झडपा कधी उघडायच्या ते वेगानुसार पुढं-मागं करणारी यंत्रणा तेलाच्या दाबावरच हलते. तिच्या वाटा अरुंद, जाळ्या बारीक. पंपापासून त्या वाटांपर्यंत सगळा हिशोब पातळ तेल धरून केलेला. तिथं २०डब्ल्यू-५० घातलं की हुकूम आत्ता सुटतो आणि अंमलबजावणी उशिरा होते. संगणकाला वाटतं यंत्रणा ऐकत नाही, तो पिवळा दिवा लावतो. पी००११ चा अर्थ थोडक्यात हाच. कॅमशाफ्ट सांगितलेल्या जागी नाही. या कोडची कारणं इतरही असतात, पण चुकीचं तेल हे त्यांतलं नेहमीचं आणि सगळ्यात स्वस्तात सुटणारं. तेल आणि फिल्टर बदलला, कोड पुसला. तो अजून परत आलेला नाही.

डब्यावरचे आकडे आपल्यापैकी फार थोडे जण नीट वाचतात. मीही त्या दिवसापर्यंत वाचत नव्हतो. ही वर्गवारी अमेरिकेतल्या एसएई या ऑटोमोबाइल इंजिनिअरांच्या संस्थेची, सुरुवात १९११ सालची. ‘डब्ल्यू’ म्हणजे विंटर. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याचा, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातल्या जाडीचा. ०डब्ल्यू तेलाची परीक्षा उणे ३५ अंशांला इंजिन फिरू देतं का यावर होते, ५डब्ल्यूची उणे ३० ला, २०डब्ल्यूची उणे १५ ला. दुसरा आकडा १०० अंश सेल्सिअसला मोजतात. २० चं तेल तिथं ६.९ ते ९.३ सेंटिस्टोक्समध्ये बसतं, ३० चं ९.३ ते १२.५, ४० चं १२.५ ते १६.३ आणि ५० चं १६.३ ते २१.९. सेंटिस्टोक्स हे वाहण्याला होणाऱ्या अडथळ्याचं माप. आकडा मोठा तितकं तेल जाड.

इथं बाबांनी मला पकडलं. “उणे ३५? गणेशगुडीत? डिसेंबरात सुद्धा आपण एका स्वेटरवर भागवतो.”

बरोबर. गणेशगुडीत बर्फ पडत नाही. पण तेलाच्या दृष्टीनं थंडी म्हणजे बर्फ नव्हे. त्याचं कामाचं तापमान १०० अंशांच्या आसपास, त्यामुळं २० अंशांची आपली सुखद सकाळ त्याला गारठाच वाटते. ४० अंशांला ०डब्ल्यू-२० साधारण ४० ते ४५ सेंटिस्टोक्स असतं आणि २०डब्ल्यू-५० दीडशेच्या वर. म्हणजे वैशाखातल्या दुपारी सावलीत उभ्या असलेल्या गाडीतसुद्धा दोघांत तिपटी-चौपटीचा फरक. गारव्यात तो आणखी वाढतो.

बाबा थोडा वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, “पण कंपनी पातळ तेल सांगते ते मायलेजसाठी. माझ्या इंजिनासाठी नव्हे.”

हा मुद्दा मला अपेक्षित नव्हता आणि तो निम्मा खरा आहे. पातळ तेल ढवळायला इंजिनची ताकद कमी जाते, पेट्रोल थोडं वाचतं. भारतात कंपन्यांच्या गाड्यांच्या सरासरी इंधनवापरावर २०१७-१८ पासून सरकारी मर्यादा आली, २०२२-२३ पासून ती आणखी कडक झाली. अशा वेळी थेंब थेंब वाचवणाऱ्या तेलाकडं कंपन्या वळणारच. मारुतीच्या अलीकडच्या काही पेट्रोल गाड्यांना तर ०डब्ल्यू-१६ सांगितलेलं असतं. आणि पडद्याचा हिशोबही बाबांच्या बाजूनं बोलतो. १५० अंशांला, जोराच्या घासणीत तेलाची जाडी किती उरते याची एक वेगळी चाचणी असते. २० च्या तेलाला तिथं किमान २.६ लागतं, ३० ला २.९, ५० ला ३.७. म्हणजे तापलेल्या, भार ओढणाऱ्या इंजिनात जाड तेलाचा पडदा खरोखरच जास्त भक्कम असतो. फक्त ज्या इंजिनाचा आराखडाच २.६ वर बेतलेला आहे, त्याला ३.७ चा उपयोग कमी आणि त्रास जास्त.

म्हणून माझं मत असं बनलंय. पुस्तिकेत एकच ग्रेड असेल तर तेच घालावं, वाद नको. अनेक पुस्तिकांत दोन-तीन ग्रेड दिलेले असतात, तापमानाच्या तक्त्यासकट. तिथं आपली अक्कल चालवायला जागा आहे. उन्हाळ्यात चार माणसं आणि सामान भरून अनमोड नाहीतर अणशी घाट चढायचा असेल, गाडी लाखभर किलोमीटर झालेली असेल, तर त्या यादीतलं जाड तेल निवडावं. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीला यादीतलं पातळ. यादीबाहेर मात्र जाऊ नये, मग सांगणारा मेकॅनिक असो, चुलत भाऊ असो की माझ्यासारखा लेख लिहिणारा. जुनी ओम्नी, जुनी बोलेरो घरी असेल तर तिच्या पुस्तिकेतलं जाड तेल हेच तिचं योग्य तेल. तिला ०डब्ल्यू-२० घालून आधुनिक करायला जाऊ नका.

आकडे जुळले म्हणजे काम झालं असंही नाही. डब्यावर एपीआय या संस्थेची दोन अक्षरं असतात. पेट्रोल इंजिनांसाठी ‘एस’ने सुरू होणारी, एसएम, एसएन, एसपी अशी. हा प्रकार आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना लगेच कळेल. नवीन आवृत्ती जुन्याच्या जागी चालते, उलट चालत नाही. पुस्तिकेत एसएन लिहिलं असेल तर एसपी बिनधास्त घाला. एसपी २०२० च्या मे महिन्यात आलं आणि त्यामागचं एक कारण आजच्या छोट्या टर्बो पेट्रोल गाड्यांशी जोडलेलं आहे. कमी वेगात जास्त जोर मागितला, म्हणजे चढावर वरच्या गिअरमध्ये पाय दाबला, की या इंजिनांत कधी कधी ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेट घेतं. दणका एवढा असतो की पिस्टन फुटू शकतो. संशोधकांना आढळलं की तेलातल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटचा यात हात आहे. मग तेलवाल्यांनी कॅल्शियम कमी करून काही भाग मॅग्नेशियमचा केला. तुमच्या गाडीवर टर्बो लिहिलेलं असेल तर डब्यावर एसपी किंवा त्यापुढचं अक्षर बघूनच घ्या. आणि चढावर गिअर उतरवा, त्याला काही पैसे पडत नाहीत.

बीएस-६ डिझेल गाडीची गोष्ट निराळी. १ एप्रिल २०२० पासूनच्या या बहुतेक गाड्यांत धुरातली काजळी अडवणारा फिल्टर असतो. काजळी जळून जाते, पण तेलातल्या धातूंच्या क्षारांची राख जळत नाही, ती फिल्टरमध्ये साठत राहते. म्हणून कमी राखेचं तेल लागतं आणि ते ओळखायला एसीईए या युरोपियन संस्थेची सी२, सी३ अशी नावं असतात. इथं मात्र सी३ म्हणजे सी२ ची पुढची आवृत्ती असं समजू नका. ती वेगवेगळी उत्पादनं आहेत. पुस्तिकेत जे अक्षर आणि जो आकडा असेल तोच.

आणि बाइकवाल्यांसाठी एवढंच, की गाडीचं उरलेलं तेल बाइकमध्ये ओतू नका. बहुतेक बाइकचा क्लच त्याच तेलात बुडालेला असतो. गाडीच्या तेलातले घर्षण कमी करणारे घटक क्लचला घसरवतात. बाइकच्या डब्यावर जासो एमए असं लिहिलेलं असतं, ते बघा.

सिंथेटिक घ्यावं का, हा प्रश्न मला ऑफिसात नेहमी विचारतात. ०डब्ल्यू-२० घेणार असाल तर निवड जवळजवळ उरतच नाही, कारण इतकं पातळ आणि तरी टिकाऊ तेल साध्या मिनरल बेसमधून बनवणं अवघड. पण सिंथेटिक या शब्दाला फार भुलू नये. पूर्वी तो रसायनांपासून घडवलेल्या तेलाला वापरत. नंतर कच्च्या तेलावरच हायड्रोजनची जबर प्रक्रिया करून काढलेलं तेलही त्या नावानं विकलं जाऊ लागलं. त्यावरून मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात अमेरिकेत जाहिरातींचा तंटा झाला आणि १९९९ मध्ये निवाडा कॅस्ट्रॉलच्या बाजूनं लागला. तेव्हापासून डब्यावरचा हा शब्द बराच सैल झालाय. गंमत म्हणजे कॅस्ट्रॉल हे नाव आलं कॅस्टर ऑइलवरून, म्हणजे आपल्या एरंडेलावरून. हे सांगितल्यावर बाबा मनापासून हसले. लहानपणी ज्या एरंडेलाच्या चमच्याला पाहून ते घराच्या मागच्या दारानं पळायचे, तेच कधीकाळी विमानांच्या इंजिनात जात होतं.

इथवर मी जिंकत होतो. मग झाकणावरच्या त्या ताकाचा विषय निघाला.

मी पुस्तिका उघडून दाखवली. १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. बाबांची गाडी वर्षाला जेमतेम तीन हजार चालते. म्हणजे वर्षातून एकदा, पुढच्या मे महिन्यात. बाबांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि मागच्या एका पानावर बोट ठेवलं. बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की कमी अंतराच्या फेऱ्या, धूळ, दमट हवा अशा कठीण वापरात तेल निम्म्या अंतराला किंवा निम्म्या काळानं बदलावं. बाबा म्हणाले, “हे आपलंच वर्णन आहे.”

होतंच. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. वाफ होऊन ते धुराच्या नळीतून जातं, पण थोडी वाफ पिस्टनच्या कडेनं खाली तेलाच्या भांड्यात उतरते. इंजिन नीट तापलं तर ती उडून जाते. आणि तेल तापायला पाण्याच्या काट्यापेक्षा बराच जास्त वेळ लागतो. काटा मध्यावर आला म्हणजे तेल तापलं असं नाही, त्याला दहा-पंधरा किलोमीटर लागतात. बाबांची फेरी तीन किलोमीटरची. त्यात जोयड्याचा पाऊस. कॅसलरॉक आमच्याच तालुक्यात आहे, एवढं सांगितलं की जाणकारांना पुरे. महिनोन्‌महिने थोडं थोडं पाणी आणि न जळलेलं पेट्रोल तेलात मुरत राहतं. तेलातली आम्लं मारणारे घटक संपतात. झाकण हा सगळ्यात गार भाग, म्हणून फेस तिथं आधी दिसतो. गॅस्केट शाबूत होतं. गाडीला फक्त लांब चालवणारं कुणी नव्हतं.

बाबांना यात नवीन काहीच नव्हतं. पॉवर हाउसमध्ये किलोमीटरचा काटा नसतो. तिथं तेलाचा नमुना काढतात, त्यात पाणी आहे का बघतात, तेल फिरवून गाळून स्वच्छ करतात. तेल किती चाललं यापेक्षा ते आत्ता कसं आहे हा प्रश्न तिथं विचारतात. मी दहा हजारांच्या आकड्याला चिकटून बसलो होतो आणि ते तेलाकडं बघत होते. ग्रेड निवडताना ते चुकले होते. कधी बदलायचं यात मी चुकलो होतो, आणि माझी चूक जास्त महाग पडली असती.

मग आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. तेल ०डब्ल्यू-२०, एसपी, सिंथेटिक. बदल वर्षातून दोनदा. दर रविवारी गाडी जोयड्यापर्यंत न्यायची आणि यायची, आईला फिरणंही होईल. आईनं लगेच पुढचे चार रविवार कुणाकुणाकडं जायचं ते सांगून टाकलं.

डिपस्टिक बघण्यावरून मात्र पुन्हा खटका उडाला. आमचं अंगण उताराचं. बाबा तिथंच काठी ओढायचे आणि तेल कमी दिसलं की ओतायचे. उतारावर तेल एका बाजूला जातं, काठी खोटं बोलते. सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटांनी, दोन खुणांच्या मध्ये तेल दिसलं की बास. जास्त तेलही वाईटच. फिरता क्रँकशाफ्ट त्यात बुडून फेस करतो आणि फेसाचा पडदा भार पेलत नाही. रंगावरून तेल तपासू नये हेही तेव्हाच बोलणं झालं. डिझेल गाडीचं तेल बदलल्यावर काही दिवसांत काळं होतं, ते त्याचं कामच आहे. काजळी स्वतःत धरून ठेवणं.

तेल घ्यायचं ते ओळखीच्या, बिल देणाऱ्या दुकानातून. सील, बॅच नंबर आणि तारीख बघून. रिकामा डबा भंगारात देताना बाबा त्याला खिळ्यानं दोन भोकं पाडतात, म्हणजे त्यात कुणी भलतंच भरून परत विकणार नाही. ही सवय मी उचलली. जुनं तेल मात्र आमच्याकडं कुंपणाच्या खांबांना वाळवी लागू नये म्हणून फासायची पद्धत. ती बंद करायला मला बराच वेळ लागला. ते तेल पावसाबरोबर ओढ्यात जातं, ओढा काळीत, आणि काळीचं पाणी खाली कितीतरी गावं पितात. आता ते डब्यात साठवून वर्कशॉपला परत देतो.

त्या गॅरेजवाल्याला बाबा नंतर भेटले. रागावले नाहीत. पुस्तिकेतलं पान मोबाइलवर काढून दाखवलं. तो म्हणाला, “काका, माझ्याकडं शंभर गाड्या येतात, पुस्तिका घेऊन एकही येत नाही.” बाबांनी त्या दिवसापासून पुस्तिकेच्या त्या पानाची झेरॉक्स बॉनेटच्या आत प्लॅस्टिकमध्ये घालून चिकटवली आहे. खाली पेनानं तारीख आणि किलोमीटर लिहितात, पॉवर हाउसच्या लॉगबुकासारखं.

वर्षातले दोन दिवसही त्यांनीच नेमले. एक पावसाळ्याआधी, मे महिन्यात, मी सुट्टीला येतो तेव्हा. दुसरा खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. गाडी धुवायची, जुनं तेल काढायचं, नवं भरायचं आणि दुसऱ्या दिवशी झेंडूची माळ घालून पूजा करायची. गेल्या खंडेनवमीला पूजा झाल्यावर बाबांनी बॉनेट उघडून तेलाचं झाकण फिरवलं, आतून बोट लावलं आणि मला फोटो पाठवला. झाकण कोरडं होतं.